तीन पंखे, मूळ किंमत शून्य

नवऱ्याला दारू, पत्ते, रेस असलं एखादं व्यसन असलं की बायकोला निदान चारचौघींत तक्रार तरी करता येते. मला हिशेबाचं व्यसन होतं आणि ते बाहेरून सद्गुणासारखं दिसायचं, त्यामुळे माझ्या बायकोची फार पंचाईत व्हायची. "हा रोज बसून पै न् पै लिहितो हो," असं ती रडवेल्या आवाजात सांगायची आणि ऐकणाऱ्या बाई म्हणायच्या, "नशीब काढलंस!"

ते दिवसच तसे होते. गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या आणि पुण्या-मुंबईहून आलेले आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले त्यांच्यात जाऊन बसत होते. वडिलांनी उभ्या जन्मात पाहिला नसेल एवढा पगार दर महिन्याला यायचा आणि वीस तारखेपर्यंत कुठेतरी निघून जायचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला त्याची हिशेबाची फाईल दाखवली आणि मी जो त्यात पडलो तो पडलोच.

फाईल म्हणजे अगदी साधी. रंग नाहीत, रकाने नाहीत, नुसता टाइप केलेला मजकूर. प्रत्येक व्यवहार दोन ओळींत लिहायचा: पैसा कुठून आला आणि कुठे गेला. एका ओळीत अधिक, दुसरीत उणे, दोन्हींची बेरीज शून्य. ती शून्य आली नाही तर प्रोग्राम तुमची फाईल घेतच नाही, चुकलेल्या ओळीचा नंबर सांगून परत पाठवतो. आपल्याकडच्या पेढीवाल्यांना ही जमा-नावेची दुहेरी नोंद पिढ्यान्‌पिढ्या येते. मी इंजिनिअर असल्यामुळे ती मीच शोधून काढल्यासारखा वागत असे.

त्यात मला सगळ्यात आवडायची ती मूळ किमतीची सोय. शेअर, सोनं, घर, असं काही टिकाऊ घेतलं की त्याच्यापुढे महिरपी कंसात लिहून ठेवायचं, आपल्याला कितीला पडलं ते. मग वस्तू जुनी होवो, बाजार वर जावो नाहीतर खाली, कंसातला आकडा हलत नाही. दहा वर्षांनी विकायला काढा, प्रोग्राम तो कंस उघडून बघतो आणि नफा किती, तोटा किती, सांगून मोकळा होतो. मी मराठीत लिहायचो. तेवढाच भाषेचा अभिमान.

या विद्येत मी किती निष्णात होतो याचा एक नमुना सांगतो. माझ्याकडे एका कंपनीचे शेअर होते. तिने एकाला एक बोनस दिला. म्हणजे शेअर दुप्पट झाले आणि साहजिकच बाजारात भाव निम्मा झाला. मी फाईलमध्ये नवा भाव घातला, संख्या मात्र जुनीच ठेवली. फाईल म्हणाली, निम्मे पैसे बुडाले. मी दोन दिवस धड जेवलो नाही. घरात भाषण केलं, की आता बाहेर खाणं बंद, दिवाळीला पुण्याला जाणं बंद, सगळ्यांनी कंबर कसायची. तिसऱ्या दिवशी टपालाने पत्रक आलं. बायकोने ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, "अरे, हे इथे दुप्पट कसे लिहिलेत?" दिवाळीला आम्ही पुण्याला गेलो. ही गोष्ट मी पुढे पार्ट्यांमध्ये स्वतःच सांगायचो, लोक हसायचे, आणि मला वाटायचं, आपल्या चुका या एवढ्याच, हसण्यावारी नेण्याजोग्या.

आता दादा. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं गाव साताऱ्याकडचं. दहावी झाल्या झाल्या तो फौजेत शिपाई म्हणून गेला, चढत चढत नायब सुभेदार झाला आणि योगायोगाने मी दिल्लीत आलो त्याच सुमाराला त्याची बदली दिल्ली कँटोन्मेंटला झाली. तो, वहिनी आणि पुतणी, तिघं क्वार्टरमध्ये राहायचे. मी इंजिनिअर झालो तो त्याच्या मनीऑर्डरींवर. हे वाक्य मी एवढ्यातच उरकतो, कारण तेव्हाही मी ते एवढ्यातच उरकत असे.

मी द्वारकेत फ्लॅट घेतला. सोसायटीचा, तिसऱ्या मजल्यावरचा. ताबा मिळाला तेव्हा आत नुसत्या भिंती, आणि छतातून लोंबणारी वायरची टोकं. दर थोड्या वेळाने डोक्यावरून एवढं खाली विमान जायचं की बायको म्हणाली, चाकं मोजता येतात. सोसायटीतल्या सगळ्यांनी ठेकेदार लावले होते. त्यांचे दर मी दादाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आरं, ठेकेदार कशाला? मी येतो की रविवारी."

आणि तो अख्खा हिवाळा दर रविवारी येत राहिला. कँटोन्मेंटमधून स्कूटरवर, कानाला मफलर गुंडाळून, डिकीत पाना-पकड, पुढे पायाशी ड्रिलची पेटी. ग्रिलवाल्याशी घासाघीस त्याने केली. फरशीवाला उतार उलटा देत होता तो त्याने पकडला. नळाच्या जोडण्या, मोरीचं झाकण, पडद्यांच्या दांड्या, सगळं त्याने केलं. मी काय करत होतो? मी फाईल लिहीत होतो. प्रत्येक गोणी सिमेंट, प्रत्येक डझन खिळे. आणि घर शेवटी एकूण कितीला पडतंय हे कळावं म्हणून घराशी संबंधित प्रत्येक ओळीच्या शेवटी मी एक खूण करत असे, 'घर' अशी. पुढे कधीही त्या खुणेवरून सगळ्या ओळी एका दमात वेचून काढता येणार होत्या. या कल्पनेवर मी फार खूष होतो.

एका रविवारी दादा रिक्षा करून आला, कारण स्कूटरवर मावणार नव्हतं. तीन पंखे. मिलिटरी कॅन्टीनमधून त्याच्या कार्डावर घेतलेले, खोक्यात बंद.

"किती झाले?" मी लगेच विचारलं. माझं बोट जणू कीबोर्डवरच होतं.

"गप रे."

"नाही दादा, हिशेबाला लागतं."

"हिशेबाला लाव काय लावायचं ते. तुझ्या घरात माझं काहीतरी फिरतं असू दे."

मी हिशेबाला लावले. पंखे तीन, महिरपी कंसात शून्य. फुकट मिळाले म्हणजे शून्याला पडले. तर्क बिनचूक होता. प्रोग्रामनेही हूं की चूं केलं नाही.

ते पंखे बसवताना ड्रिल निसटलं आणि दादाच्या डाव्या तळव्यात घुसलं. अंगठ्याखालच्या मांसल भागात. रक्त बघून मीच खाली बसलो. शेवटी दादानेच मला उठवलं आणि आम्ही सेक्टरच्या बाजारातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने जखम धुतली, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. पैसे मी दिले. परत आल्यावर दादाने तिसरा पंखा एका हाताने बसवला. मी खाली स्टूल धरून उभा होतो, आणि तेही हलवत होतो असं त्याचं म्हणणं.

"साहेब, स्टूल धरायचंय, पाळणा नाय हलवायचा!"

कामं संपली की आम्ही दोघं नव्या फरशीवर बसायचो. बाजारातून मी कोंबडी आणि रोट्या आणायचो. रम दादाची, कॅन्टीनची. सोडा माझा. रमची नोंद करायचा प्रश्नच नव्हता, ती शून्याला पडलेली. सोड्याची मात्र व्हायची, आणि कोंबडीची, चहा-समोशांची, इंजेक्शनाची, आणि त्या एका रविवारच्या रिक्षाचीसुद्धा, कारण रिक्षावाल्याला सुटे मी दिले होते. दादा घराच्या कामासाठी आला म्हणूनच हे खर्च झाले, तेव्हा त्यांच्या ओळींच्या शेवटीही खूण: 'घर'. आणि दादाची येणी-जाणी ओळखू यावीत म्हणून सुरुवातीला त्याचा उल्लेख. 'दादा, कोंबडी.' 'दादा, सोडा.' 'दादा, इंजेक्शन.'

पाच-सहा वर्षं आम्ही त्या पंख्यांखाली झोपलो. मधल्या काळात मेट्रो आली, झाडं वाढली, फ्लॅटचे भाव असे वाढले की सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांना नमस्काराऐवजी भावच सांगायचे. मला बढती मिळाली आणि गुडगावातल्या पंधराव्या मजल्यावरच्या, खाली पोहण्याचा तलाव असलेल्या एका घराने मला झपाटलं. (मला पोहता येत नाही.) द्वारकेचं घर विकायचं ठरलं.

त्याच वर्षी दादा निवृत्त होणार होता. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं आलं. गावी परत जायला हरकत नव्हती, पण पुतणीला दिल्लीच्या कॉलेजात प्रवेश मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. होस्टेल मिळालं नव्हतं. वहिनींचं एकच म्हणणं होतं, की पोरीला असल्या शहरात एकटीला टाकून जायचं नाही. डिग्री होईपर्यंत दिल्लीतच कुठेतरी डोकं टेकायचं. दादाला निवृत्तीचे पैसे मिळणार होते आणि त्यातून एक घर होण्यासारखं होतं, भाव परवडला तर.

दादा आमच्याकडे आला, चहा प्यायला, बाल्कनीवरून एक विमान जाऊ दिलं, आणि म्हणाला, "तू हे विकतोयस असं कळलं. मला देशील का? बाजारभाव नाय झेपणार. पण तू सांगशील ते देतो."

मी लगेच उदार झालो. मला उदार व्हायला फार आवडतं, विशेषतः कुणी बघत असलं तर. "दादा, तुझ्याकडून मी नफा घेणार? मला जेवढ्याला पडलं तेवढ्याला तुला. मूळ किंमत. एक पैसा वर नाही."

दादा बायकोकडे बघून हसला, आणि जाताना बैठकीतल्या पंख्याचा रेग्युलेटर एकदा उगाच फिरवून बघितला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन: "भावोजी, तुमच्या दादाला काल रात्री झोप लागली बघा. महिनाभर नुसता कूस बदलत होता माणूस."

बायको मला म्हणाली, "एक गोल आकडा सांगून टाक. सांग, आणि विषय संपव."

"गोल आकडा? माझ्याकडे पैशापर्यंत अचूक आकडा आहे!"

"म्हणूनच सांगतेय, गोल आकडा सांग."

पण मला ती अचूकताच तर दाखवायची होती. शिवाय नुकतंच सीएने सांगितलं होतं, की घराच्या सुधारणेवर जो खर्च केला असेल तो मूळ किमतीत धरता येतो. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. फाईलमधून 'घर' खुणेच्या सगळ्या ओळी वेचायच्या, तारीखवार लावायच्या, बेरीज करायची. तो पहिल्याच फटक्यात चालला. असं आयुष्यात क्वचित होतं. ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतलं, स्पायरल बाइंडिंग केलं, वर पारदर्शक प्लॅस्टिक.

आता इथे मला म्हणता येईल, की मी वाचून न बघता दिलं. पुढे कित्येकांना मी तसंच सांगितलंय. पण छापताना पानं मी चाळली होती. 'दादा, कोंबडी' ही ओळ माझ्या नजरेला पडली होती. क्षणभर थांबलोही होतो. मग मनात म्हटलं, तत्त्वाने बरोबर आहे. ठेकेदार लावला असता तर त्याची मजुरी धरलीच असती ना. आणि पान उलटलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात ठेकेदार आला, भाऊ आला नाही.

रविवारी पेढे घेऊन आम्ही कँटोन्मेंटला गेलो. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पुतणी खोलीत अभ्यासाला बसली होती, पण कान बाहेर होते, मधेच येऊन तिने विचारलं, "काका, ती मागची खोली मला मिळेल ना? विमानांवाली?" मी म्हटलं, "बिल्कुल!"

दादाने चष्मा लावला आणि माझं बाइंडिंग मांडीवर घेतलं. फौजी माणूस, कागद हातात आला की पहिल्या ओळीपासून वाचणार. मी शेजारी बसून समजावून सांगत होतो. ही घराची किंमत, ही नोंदणी, हे ग्रिल. तो मान डोलावत होता. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय रे? 'पंखे तीन, शून्य'?"

"ते तू दिलेले ना. त्याचे पैसे लावलेले नाहीत," मी अभिमानाने म्हणालो. "कंसात शून्य आहे बघ. ते तुला फुकटच जातायत."

माझे पंखे मलाच फुकट, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. बोट खाली सरकलं.

"'दादा, कोंबडी'," त्याने वाचलं. मग, "'दादा, सोडा'."

मी पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला.

"आरं, सोडा पण? लेका, रम माझी होती!" आणि तो मोठ्याने हसला. अगदी मनापासून, खोकला येईपर्यंत. मलाही सुटल्यासारखं झालं, मीही हसलो. "वहिनी, बघा हं, तुमच्या नवऱ्याने किती समोसे खाल्ले त्याचा पुरावा आहे माझ्याकडे," असंसुद्धा म्हणालो. हे वाक्य मी खरंच म्हणालो होतो.

दादाचं बोट अजून चालूच होतं. "'दादा, इंजेक्शन'," तो म्हणाला. या वेळी हसला नाही. डावा हात उलटा करून त्याने तळव्याकडे बघितलं. अंगठ्याखाली पांढरी रेघ होती. "इंजेक्शन पण धरलंस व्हय."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. हातात तुपाची वाटी.

माझं काय झालं होतं कोण जाणे, मला वाटलं हा प्रश्न रकमेचा आहे. मी घाईघाईने म्हणालो, "दादा, काढून टाकतो ना. सगळं मिळून दोन-अडीच हजारांचाच फरक आहे. त्या ओळी खोडल्या की झालं."

"नको नको. खोडू नको," दादा अगदी शांतपणे म्हणाला. "खाल्लंय मी ते."

बाइंडिंग मिटून त्याने टीपॉयवर ठेवलं, वर पेढ्यांचा बॉक्स ठेवला, आणि म्हणाला, "चला, पोळ्या गार होतायत." आम्ही जेवलो. वहिनींनी मला आग्रह करून वाढलं, नेहमीसारखं. फक्त नेहमी त्या बोलत बोलत वाढायच्या. परतताना गाडीत, द्वारकेचा फाटा आला तेव्हा, बायको म्हणाली, "तुझी स्वतःची मूळ किंमत काढ ना एकदा. मनीऑर्डरींसकट. तीही बाइंड करून दे त्यांना."

पुढच्याच आठवड्यात दादाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुझं घर नको रे आम्हाला. फरीदाबादला बघितलंय एक. आमच्या युनिटमधला एक जण तिकडंच राहतोय."

"दादा, त्या कागदावरून—"

"छ्या, कागदाचं काय. तुझ्या वहिनीचं मन नाय लागायचं तिथं. ती म्हणती, त्या घरात पातेलं उचललं तरी वाटायचं, कुणीतरी लिहून घेतंय." आणि लगेच, जणू मीच नाराज होईन म्हणून, "तू वाईट वाटून घेऊ नको. हिशेब चोखच पाहिजे माणसाचा."

मी फरीदाबादचा नकाशा काढून बघितला. पुतणीच्या कॉलेजला द्वारकेहून एक मेट्रो आणि दहा मिनिटं चालणं. फरीदाबादहून तेव्हा मेट्रो नव्हती. दोन बस बदलायच्या आणि मध्ये एक शेअर रिक्षा. मी दोनदा फोन करून म्हटलं, दादा, सांगशील तो आकडा, अर्ध्या किमतीत घे, तसंच घे. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "फुकट घेतलं तर तुझ्या कंसात काय लिहशील?" आणि हसून त्याने विषय बदलला. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. गुडगावच्या घराचा हप्ता सुरू व्हायचा होता आणि, लाज वाटते पण खरं आहे, तो नाही म्हणाला तेव्हा मला थोडं हलकंही वाटलं होतं.

घर बाजारभावाने गेलं. घेणारे गृहस्थ सगळ्या खोल्या हिंडले, मान वर करून म्हणाले, "पंखे-वंखे तो साथ ही हैं ना जी?" मी म्हटलं, "हाँ जी." मूळ किंमत शून्य, त्यामुळे त्या पंख्यांचे जे काही आले असतील ते सगळे माझा नफा.

माझं बाइंडिंग मी कर भरायच्या वेळी सीएला दिलं. तो हरियाणवी माणूस. देवनागरी वाचता येत होती, पण मराठी येत नव्हतं. चौथ्या पानावर त्याचीही पेन्सिल थांबली. "सर, ये कोंबडी क्या आइटम है? कोई फ़िटिंग है?"

मी सांगितलं.

"अरे सर! मुर्गा थोड़े ही कॉस्ट में जुड़ता है!" आणि त्याने सरसर काट मारली. कोंबडी, सोडा, समोसा, रिक्षा, इंजेक्शन. म्हणजे ज्या ओळींपायी भावाचं घर गेलं त्या हिशेबाच्या नियमातसुद्धा बसत नव्हत्या. मी तो कागद घरी आणला. पेन्सिलीच्या काटेखाली 'दादा' हा शब्द सगळीकडे व्यवस्थित वाचता येत होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर दादाच्या घराची वास्तुशांत झाली. फरीदाबादला, कारखान्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, दोन खोल्या आणि एक अरुंद ओटा. भटजी गेले, पाहुणे पांगले, आम्ही घरचेच उरलो. आत भट्टी झाली होती. छतातून वायरची टोकं लोंबत होती.

"दादा, पंखे मी आणतो," मी म्हणालो. "आत्ता जातो बाजारात."

"आणलेत," तो म्हणाला. कोपऱ्यात खोकी होती, कॅन्टीनची. दोन खोल्या, दोन पंखे.

वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी, आधी जेवून घ्या. वांग्याचा रस्सा केलाय." ताटं मांडली. रस्सा वाढताना त्यांची पळी माझ्या वाटीवर थांबली. "वाढू ना अजून? का आधी लिहून घेताय?"

दादा फिस्सकन हसला. बायको तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. वहिनींनी पळीभर नव्हे, तीन पळ्या वाढल्या, आणि मी मान खाली घालून जेवलो. मीठ-मसाल्याची चव मला सांगता येणार नाही. पुढे कित्येक वर्षं प्रत्येक सणाला हा विनोद झाला, आणि मला वाटतं, त्या विनोदातूनच वहिनींनी मला परत घरात घेतलं. पण घेताना दर वेळी उंबऱ्यावर क्षणभर थांबवून घेतलं.

हात धुवून मी बाहेर आलो तर दादा स्टूलवर चढलेला, हातात ड्रिल. मी जाऊन स्टूल धरलं. दोन्ही हातांनी. वरून चुना पडत होता, डोळ्यांत जात होता. दादाने खाली हात केला, "स्क्रू दे." डावा हात. ती पांढरी रेघ माझ्या तोंडासमोर होती. मी तळव्यावर स्क्रू ठेवला.

पंखा बसला. दादाने बटण दाबलं. सगळ्यांनी वर बघितलं.

तेवढ्यात पुतणी कॉलेजातून आली. त्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून ती पूजेला थांबू शकली नव्हती. चेहरा उन्हाने लाल, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा घामाने काळा पडलेला. पंख्याखाली येऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

मी विचारलं, "फार वेळ लागतो का गं यायला?"

तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी वहिनींसारखं म्हणाली, "सवय होते, काका."

गेली सहा-सात वर्षं मी जे काही लिहीत आलो होतो त्यात या उत्तराला कुठे ठेवायचं ते मला समजेना. कुठून आलं ते मात्र समजलं होतं.

"साहेब," दादा आतल्या खोलीतून ओरडला, "दुसरा राहिलाय अजून. या, स्टूल धरा!"

मी गेलो. या खेपेला स्टूल हललं नाही, असं दादाही म्हणाला.